छातीत अचानक होणारी धडधड आणि अनियमित ठोके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीत एकाएकी धडधड सुरू होते, दहा मिनिटांनी किंवा दोन तासांनी आपोआप थांबते, आणि दवाखान्यात पोहोचून कार्डिओग्राम काढेपर्यंत सगळे नॉर्मल झालेले असते. ज्यांना हा अनुभव वारंवार येतो, त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मनात जे प्रश्न हमखास असतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कोणती गोळी किती घ्यायची हे मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

धडधड होते तेव्हा हृदयात नेमके काय घडत असते?

हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्यातून निघणारा विद्युतसंदेश आधी वरच्या कप्प्यांत पसरतो, मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर रेंगाळतो आणि मग खालच्या कप्प्यांत उतरतो. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे ठोके साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असतात. ताप, जिना चढणे, भीती किंवा रक्तक्षय यांमुळे ते वाढतात, पण हळूहळू वाढतात आणि हळूहळूच उतरतात. संदेश भलत्याच जागेतून निघू लागला किंवा त्याने भलतीच वाट धरली, तर होणाऱ्या बिघाडाला अरिदमिया म्हणतात. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत, परंतु बाह्यरुग्ण विभागात सर्वाधिक आढळणारे तीनच आहेत : अधूनमधून पडणारे जादा ठोके, पीएसव्हीटी (एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबणारा वेगवान, नियमित ताल) आणि एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांचे अस्ताव्यस्त थरथरणे). खालच्या कप्प्यांतून उद्भवणारा वेगवान ताल, म्हणजे व्हीटी, हा त्यांच्या मानाने कमी आढळतो, पण हार्ट अटॅक येऊन गेलेल्या किंवा हृदयाचे पंपिंग कमी झालेल्या माणसात तो जिवावर बेतू शकतो.

मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि मग जोराचा ठोका बसतो. हे काय आहे?

यात ठोका चुकलेला नसतो, वेळेआधी पडलेला असतो. असा जादा ठोका दुबळा असल्यामुळे तो जाणवत नाही, त्यानंतरचा विराम मात्र जाणवतो, आणि त्या विरामात हृदयात जास्त रक्त भरल्यामुळे पुढचा ठोका छातीत आदळल्यासारखा लागतो. धडधाकट माणसाला चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद घेणारे छोटे यंत्र, लावला तरी त्यात असे काही ठोके सापडतात. रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर ते जास्त जाणवतात, कारण हृदय छातीच्या भिंतीजवळ येते आणि आजूबाजूला शांतता असते. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल असेल आणि अशा ठोक्यांचे प्रमाण थोडे असेल, तर बहुधा औषधाची गरज पडत नाही. दिवसभरातील एकूण ठोक्यांपैकी दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक ठोके असे असतील, तर मात्र काळाच्या ओघात हृदयाचे पंपिंग कमी होण्याची शक्यता राहते, म्हणून त्यांची मोजणी करून घ्यावी.

पीएसव्हीटी कशावरून ओळखावी?

बटण दाबावे तशी ती सुरू होते आणि तशीच बंद होते, ही तिची सर्वांत मोठी खूण आहे. ठोके मिनिटाला १५० ते २५० पर्यंत जातात आणि अगदी नियमित असतात. तिच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात एव्ही नोडपाशी संदेशाला एकाऐवजी दोन वाटा असतात, आणि योग्य क्षणी एखादा जादा ठोका पडला की संदेश घाण्याच्या बैलासारखा तेवढ्याच वाटेवर गोल फिरत राहतो. दुसऱ्या एका प्रकारात वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा एक अधिकचा स्नायुतंतू जन्मापासूनच असतो. तो कार्डिओग्रामवर दिसत असेल तर त्या स्थितीला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात.

आणखी दोन खुणा आहेत, ज्या रुग्ण सहसा आपण होऊन सांगत नाहीत. धडधड चालू असताना गळ्यातही ठोके जाणवतात, इतके की समोरच्याला मानेच्या शिरा उडताना दिसतात. आणि झटका थांबल्यावर भरपूर लघवी होते. दुसरी खूण विचित्र वाटते, पण तिला कारण आहे : वेगाने चाललेल्या हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि त्यांतून लघवी वाढवणारे एक संप्रेरक रक्तात सुटते. डॉक्टरांना या दोन्ही गोष्टी आवर्जून सांगाव्यात.

घरचे आणि काही डॉक्टरसुद्धा "टेन्शन घेऊ नका" म्हणतात. हा मनाचा खेळ असू शकतो का?

असू शकतो, आणि म्हणूनच हे उत्तर इतक्या सहज दिले जाते. घाबरल्यामुळे धडधड होते हे जितके खरे, तितकेच धडधडीमुळे माणूस घाबरतो हेही खरे आहे, आणि दोन्हींत घाम, हातापायांना कंप आणि गुदमरल्याची भावना सारखीच असते. पीएसव्हीटी पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते आणि ती बऱ्याचदा तरुण वयात सुरू होते. अशा स्त्रीची तक्रार वर्षानुवर्षे चिंतेच्या किंवा रजोनिवृत्तीच्या खात्यावर टाकली गेल्याची उदाहरणे हृदयताल-तज्ज्ञांकडे नेहमी येतात. माझ्या मते निदान एकदा तरी झटका चालू असतानाची कार्डिओग्रामची पट्टी हाती येईपर्यंत "टेन्शन" हे निदान म्हणून स्वीकारू नये. स्वस्थ बसून दूरदर्शनवर मालिका पाहत असताना एका क्षणात ठोके १८० वर गेले, तर त्याचे कारण आधी विद्युतमार्गात शोधायला हवे.

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे काय, आणि त्याला डॉक्टर इतके का घाबरतात?

या स्थितीत वरच्या कप्प्यांत एकच संदेश क्रमाने न जाता अनेक संदेश अस्ताव्यस्त फिरतात. कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात, आणि खालच्या कप्प्यांपर्यंत जे संदेश पोहोचतात ते कोणत्याही हिशेबाशिवाय पोहोचतात. त्यामुळे नाडी वेगवान तर लागतेच, पण दोन ठोक्यांमधील अंतरही दर वेळी वेगळे असते. वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, थायरॉईडचे आधिक्य आणि दारू ही त्याची प्रमुख कारणे आहेत. आपल्याकडे त्यात आणखी एका कारणाची भर पडते : लहानपणी घसा दुखून आलेल्या संधिवाताच्या तापामुळे हृदयाची झडप आकसलेली असणे. त्यामुळे चाळिशीच्या आतली माणसेही या आजारात सापडतात.

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या कानासारख्या कोपऱ्यात झालेली गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घ अभ्यासात एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट आढळला. भीती खरी या गुठळीची आहे.

मला धडधड फारशी जाणवत नाही. म्हणजे माझा आजार सौम्य आहे का?

असा अर्थ काढू नये. सगळ्यात जास्त गैरसमज या एका मुद्द्याभोवती असल्यामुळे तो जरा विस्ताराने सांगतो. पीएसव्हीटीचा झटका माणसाला हलवून सोडतो, पण हृदयाची रचना निरोगी असेल तर तो सहसा जीव घेत नाही. उलट एट्रियल फिब्रिलेशन कित्येकांना कळतही नाही. मधुमेहाच्या तपासणीसाठी गेलेल्या आजोबांची नाडी हाताला अनियमित लागते आणि तेव्हा ते उघडकीला येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे तोंड वाकडे झाल्यावर येते. पक्षाघाताचा धोका वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात अशा गोष्टींवरून ठरतो, धडधडीच्या जोरावरून नाही. झटके अधूनमधून येऊन आपोआप थांबत असले तरीही हा धोका उरतोच. म्हणून "महिन्यात एकदाच होते" या कारणासाठी रक्त पातळ करणारी गोळी टाळणे आणि "फार जोरात होते" या कारणासाठी अंथरूण धरणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या आहेत.

कार्डिओग्राम दर वेळी नॉर्मल येतो. पुढे काय करावे?

साधा कार्डिओग्राम दहा सेकंदांची नोंद घेतो. झटका संपल्यानंतर काढलेल्या पट्टीत तो सापडण्याचे कारणच नाही. त्यामुळे पहिला उपाय असा की झटका चालू असतानाच जवळच्या कोणत्याही दवाखान्यात, मग तेथे हृदयतज्ज्ञ असोत वा नसोत, पट्टी काढून घ्यावी, तिचा मोबाइलवर स्वच्छ उजेडात फोटो काढावा आणि मूळ प्रत जपून ठेवावी. ती प्रत बहुधा उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते आणि काही वर्षांत पुसट होते. प्लास्टिकच्या फाइलमध्ये वर्षभर ठेवलेली पट्टी कोरी झालेली पाहणे हा अनेकांचा अनुभव आहे.

झटके रोज किंवा एक-दोन दिवसांआड येत असतील तर २४ ते ४८ तासांचा होल्टर उपयोगी पडतो. महिन्यातून एक-दोनदा येत असतील तर होल्टर बहुधा रिकामा जातो. अशा वेळी दोन-चार आठवडे लावून ठेवायचा नोंदयंत्राचा प्रकार सुचवला जातो, आणि कारण न कळता शुद्ध हरपत असेल तर त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर, जो सुमारे तीन वर्षे नोंद ठेवू शकतो. त्याखेरीज टूडी इको, हिमोग्लोबिन, थायरॉईड, पोटॅशियम आणि साखर या तपासण्या प्रत्येकाच्या व्हायला हव्यात.

डॉक्टरांसमोर बसल्यावर धडधड कशी होते हे शब्दांत सांगण्यापेक्षा टेबलावर बोटाने वाजवून दाखवावे. टक-टक-टक-टक असा एकसारखा वेग, मध्येच अडखळणारा ठेका आणि कसलाच मेळ नसलेला ठेका यांतला फरक अनुभवी कानाला लगेच कळतो.

स्मार्ट घड्याळावर विश्वास ठेवावा का?

दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. मनगटावरच्या हिरव्या प्रकाशाने मोजलेला वेग हालचालीत चुकू शकतो. ज्या घड्याळात मुकुटावर बोट ठेवून ३० सेकंदांची ईसीजी नोंद घेता येते, ती नोंद मात्र डॉक्टरांना दाखवण्याजोगी असते, आणि झटका चालू असताना घेतलेली असल्यास तिचे मोल मोठे आहे. घड्याळाला हार्ट अटॅक ओळखता येत नाही, त्यामुळे छातीत दुखत असताना घड्याळ "सामान्य" म्हणते यावर थांबू नये. दुसरी बाजू अशी की काही जण दर पाच मिनिटांनी ठोके तपासू लागतात आणि त्या काळजीनेच ठोके वाढतात. अशांनी घड्याळ काढून ठेवलेले बरे.

घड्याळ नसेल तर मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. ठोके अनियमित असताना पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची पद्धत फसवते. रक्तदाबाचे घरगुती यंत्रही अशा वेळी भलते आकडे दाखवते, म्हणून दोन-तीन वेळा मोजून सरासरी धरावी.

झटका आला की घरी काय करता येईल?

आधी बसावे किंवा आडवे व्हावे. पीएसव्हीटीचे निदान झालेले असेल, तर डॉक्टरांकडून एकदा शिकून घेतलेली वल्साल्व्हाची कृती करावी. तिची सुधारित पद्धत अशी आहे : अर्धवट बसून १० मिलिलीटरच्या रिकाम्या सिरिंजच्या टोकात, तिचा दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचे, लगेच पाठीवर सपाट झोपायचे आणि दुसऱ्या कोणीतरी दोन्ही पाय सरळ ठेवून ४५ अंशांपर्यंत १५ सेकंद उचलून धरायचे, मग पुन्हा उठून बसायचे. इंग्लंडमध्ये ४२८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या रिव्हर्ट अभ्यासात या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचा झटका थांबला, तर नुसत्या बसून फुंकण्याने १७ टक्क्यांचाच. पाय उचलण्याच्या एवढ्याशा कृतीने पडणारा हा फरक थक्क करणारा आहे, आणि त्याला खर्च सिरिंजपुरताच येतो.

नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी, महाधमनीची झडप आकसलेल्यांनी आणि काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असलेल्यांनी ही कृती करू नये. मानेची शीर चोळणे हे डॉक्टरांचे काम आहे, ते घरी करू नये. आणि डोळ्यांवर दाब देण्याची जुनी पद्धत तर कोणीच वापरू नये, तिने डोळा निकामी होऊ शकतो. या युक्त्यांनी एट्रियल फिब्रिलेशन थांबत नाही, हेही लक्षात ठेवावे.

१०८ ला फोन केव्हा करावा?

धडधडीबरोबर छातीत दाब किंवा वेदना, शुद्ध हरपणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे, बोलता न येण्याइतका दम, अंग थंडगार पडून घाम येणे, यांपैकी काहीही असल्यास लगेच. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे आणि गोव्यातही हाच क्रमांक चालतो. चेहरा एका बाजूला ओघळणे, एका हातातली ताकद जाणे किंवा जीभ जड होणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, त्यामुळे "थोडे पडून बघू" असे म्हणण्यात वेळ घालवू नये. जेथे सीटी स्कॅन आहे अशाच रुग्णालयात जावे. स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

पूर्वी कधी हार्ट अटॅक आलेल्या किंवा पंपिंग कमी असलेल्या व्यक्तीला पाच-दहा मिनिटांत न थांबणारी धडधड झाली, तर इतर लक्षणे नसली तरी ती तातडीची समजावी. घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेले असेल किंवा व्यायाम करतानाच शुद्ध हरपत असेल, तर तपासणी पुढे ढकलू नये.

रुग्णालयात दिलेल्या इंजेक्शनने "आता संपलो" असे वाटले. ते कशामुळे?

ते बहुधा अ‍ॅडिनोसिन असावे. ते दंडातल्या शिरेतून झपकन दिले जाते आणि एव्ही नोडमधील वाट काही क्षणांसाठी बंद करते, म्हणजे गोल फिरणारा संदेश तुटतो. त्या काही सेकंदांत छाती आवळते, चेहरा तापतो आणि मृत्यू समोर दिसल्यासारखे वाटते. औषध रक्तात दहा सेकंदांच्या आतच निम्मे होते, त्यामुळे हा अनुभव लगेच ओसरतो. देण्यापूर्वी रुग्णाला याची कल्पना देणे ही साधी माणुसकी आहे, पण गर्दीत ते राहून जाते. दमा असल्यास आधीच सांगावे.

रक्त पातळ करणारी गोळी कोणाला लागते आणि ती घेताना काय पाळावे?

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाची कमजोरी, उच्च रक्तदाब, वय, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात आणि रक्तवाहिन्यांचा आजार यांना गुण देऊन निर्णय घेतला जातो. ७५ च्या पुढचे वय आणि पूर्वीचा पक्षाघात यांना प्रत्येकी दोन गुण आहेत. अ‍ॅस्पिरिन हा या गोळीला पर्याय नाही : या आजारातल्या गुठळीपासून ते फारसे संरक्षण देत नाही, आणि रक्तस्राव मात्र करू शकते.

औषधांचे दोन गट आहेत. वॉरफरिन आणि अ‍ॅसिनोकुमरॉल हा जुना गट, ज्यात आयएनआर ही रक्त किती पातळ झाले आहे ते दाखवणारी तपासणी करत राहावी लागते आणि ती बहुतेकांत २ ते ३ च्या दरम्यान ठेवायची असते. एपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान आणि रिव्हारोक्साबॅन हा नवा गट, ज्यात आयएनआर लागत नाही, पण मूत्रपिंडाची तपासणी लागते. नवी गोळी अधिक सोयीची असली तरी सर्वांना चालत नाही. धातूची कृत्रिम झडप असेल किंवा संधिवाताच्या तापाने डावी (मायट्रल) झडप बरीच आकसलेली असेल, तर जुनीच गोळी घ्यावी लागते. अशा झडपेच्या रुग्णांवरील इन्व्हिक्टस अभ्यासात, जो २०२२ साली प्रसिद्ध झाला, जुनी गोळीच सरस ठरली. त्यामुळे "शेजाऱ्याला तपासणी करावी लागत नाही, मलाच का" या प्रश्नाचे उत्तर आपल्या इको अहवालात असते.

जुन्या गोळीवर असणाऱ्यांना पालेभाजी बंद करायला सांगितले जाते, ते अतिरेकाचे आहे. पालक, मेथी, कोथिंबीर यांतील के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते हे खरे; परंतु आठवडाभर भाजी नाही आणि मार्गशीर्षात रोज मेथी, असा चढउतार त्रास देतो. रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवले की गोळीची मात्रा त्याप्रमाणे बसवता येते. नव्या गोळ्यांना हे बंधन नाही. रिव्हारोक्साबॅन जेवणाबरोबर घ्यायची असते, नाहीतर ती अंगात पुरेशी शोषली जात नाही. डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूल दमट हवेत खराब होतात, म्हणून त्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, वारांच्या डबीत काढून ठेवू नयेत. पावसाळ्यातल्या कोकणात हे विशेष सांभाळावे.

गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये. ताप-दुखीला पॅरासिटामॉल चालते, पण वॉरफरिनवर असताना तेही सलग बरेच दिवस घ्यायचे असल्यास विचारून घ्यावे. दंडात किंवा कमरेत "सुई" घेण्याची गावोगावची सवय येथे धोक्याची आहे, कारण स्नायूत रक्त साठून मोठी गाठ येते. म्हणून सुई टोचण्याआधीच आपण कोणती गोळी घेतो हे सांगावे. दात काढायचा असल्यास गोळी परस्पर बंद करू नये, दंतवैद्य आणि हृदयतज्ज्ञ यांचा एकमेकांशी संवाद घडवून आणावा. डोक्याला मार लागला तर बाहेर जखम दिसत नसली तरी रुग्णालयात जावे.

ठोके आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या कायमच्या असतात का?

आजारावर अवलंबून आहे. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन या गोळ्या वेग कमी करतात. फ्लेकेनाइड, अ‍ॅमिओडॅरोन यांसारख्या गोळ्या ताल टिकवतात. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम सोडली तर ठोके उसळून वर येतात, त्यामुळे पाकीट संपण्याआधी नवे आणावे. अ‍ॅमिओडॅरोन प्रभावी आहे, पण त्यात आयोडीन असल्याने थायरॉईड बिघडू शकते आणि यकृत व फुप्फुसांवरही परिणाम होऊ शकतो. दर सहा महिन्यांनी थायरॉईड आणि यकृताची तपासणी होत नसेल, तर ती मागून करून घ्यावी.

उपवास करावेत का?

साधा एकादशीचा उपवास बहुतेकांना चालतो. त्रास देतो तो निर्जळी उपवास आणि उपवासाच्या नावाखाली चुकवलेली गोळी. दिवसभर पाणी न घेता हरतालिका करणाऱ्या स्त्रीच्या अंगातले पाणी कमी होते, ठोके वाढतात आणि पीएसव्हीटी असल्यास झटका यायला निमित्त मिळते. गोळी पाण्याबरोबर घेतल्याने व्रत मोडत नाही असे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगितले तर सुनेला ते मान्य करणे सोपे जाते, म्हणून हे उत्तर त्यांनीही वाचावे. मधुमेहाची गोळी चालू असणाऱ्यांत साखर उतरूनही धडधड होते. तेव्हा आधी साखर मोजावी.

चहा, कॉफी, तंबाखू आणि दारू यांचे काय?

दिवसातून दोन-तीन कप चहा-कॉफीला सरसकट मनाई करण्याचे कारण नाही. ज्याला प्याल्यानंतर स्पष्टपणे धडधड होते त्यानेच ती सोडावी. कॅफिनची शीतपेये आणि व्यायामशाळेत विकली जाणारी ताकदीची पावडर मात्र टाळावी. तंबाखूच्या बाबतीत सवलत नाही, आणि त्यात दात घासायची मिश्रीही आली, कारण हिरडीतून निकोटीन रक्तात जातेच. दारूचे म्हणाल तर ऑस्ट्रेलियातील २०२० सालच्या अभ्यासात, नियमित पिणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांपैकी दारू सोडायला सांगितलेल्या गटात सहा महिन्यांत ५३ टक्क्यांना झटका परत आला, तर पीत राहिलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना.

वजनाचा परिणामही असाच ठळक आहे. अ‍ॅडलेड येथील अभ्यासात, जो २०१५ साली प्रसिद्ध झाला, वजन दहा टक्के किंवा अधिक उतरवून ते टिकवणाऱ्यांत झटक्यांपासून मुक्त राहण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले. घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्यावी. झोपेत श्वास अडकत असेल तर त्यावर उपचार न करता नुसत्या गोळ्या वाढवण्यात अर्थ नाही.

सर्दीच्या औषधाने धडधड वाढते का?

होय. नाक मोकळे करणाऱ्या गोळ्यांत फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असते, ती टाळावी. दम्याच्या पंपाने ठोके थोडे वाढतात, परंतु दमा असताना पंप थांबवू नये. काही प्रतिजैविके ताल बिघडवू शकतात, विशेषतः ताल टिकवणारी गोळी चालू असेल तर; म्हणून दुकानदाराला विचारून अझिथ्रोमायसिन आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

अ‍ॅब्लेशन करून घ्यावे का?

पीएसव्हीटी वारंवार त्रास देत असेल तर माझे स्पष्ट मत "होय" असे आहे. मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयात नेतात, ठोक्यांचा झटका मुद्दाम सुरू करून संदेशाची वाट शोधतात आणि तेवढ्या जागेला उष्णता देऊन ती बंद करतात. छाती उघडावी लागत नाही, रुग्ण बहुधा जागाच असतो आणि एक-दोन दिवसांत घरी जातो. पीएसव्हीटीच्या नेहमीच्या प्रकारात यश ९५ टक्क्यांच्या आसपास असते. मूळ विद्युतमार्गालाच इजा होऊन पेसमेकर लागण्याचा धोका सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी असतो. तो किती आहे हे आपल्या डॉक्टरांना त्यांच्या स्वतःच्या अनुभवाच्या संदर्भात विचारावे.

एट्रियल फिब्रिलेशनचे गणित निराळे आहे. फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हैसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले की बऱ्याच झटक्यांची ठिणगी फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. त्या शिरा विद्युतदृष्ट्या वेगळ्या करणे हाच आजच्या उपचाराचा पाया आहे. आजार नवा असताना आणि कप्पा फार मोठा झालेला नसताना फायदा चांगला होतो, मात्र काहींना पुन्हा एकदा प्रक्रिया करावी लागते. अ‍ॅब्लेशन यशस्वी झाले म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपोआप बंद होत नाही.

व्यायाम, ट्रेक, वारी यांवर बंदी आहे का?

हृदयाची रचना नॉर्मल असेल तर नाही. रोजचे अर्धा तास चालणे हितकारकच आहे. पंढरीच्या वारीला जायचे असल्यास गोळ्या दोन पिशव्यांत विभागून ठेवाव्यात, पाणी पीत राहावे आणि दिंडीतल्या कोणाला तरी आपला आजार सांगून ठेवावा. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी कड्याकपारीचे चढ आणि धडक बसणारे खेळ टाळावेत. मिरवणुकीत ढोल-ताशांच्या अगदी जवळ उभे राहिल्यावर छातीत जाणवणारे हादरे बाहेरचे असतात. तरीही गर्दी, उकाडा आणि पाणी न पिणे यांनी झटका येऊ शकतो.

गरोदरपणात झटके वाढले तर?

वाढू शकतात, कारण रक्ताचे प्रमाण आणि ठोके दोन्ही वाढलेले असतात. अ‍ॅडिनोसिन देता येते. वॉरफरिन गर्भाला घातक ठरू शकते, म्हणून कृत्रिम झडप असलेल्या स्त्रीने दिवस राहण्याआधीच तज्ज्ञांशी बोलावे.

खर्च कसा भागवावा?

रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांच्या जेनेरिक आवृत्त्या आल्यापासून त्यांच्या किमती बऱ्याच उतरल्या आहेत; जनऔषधी दुकानात औषधाचे मूळ नाव सांगून चौकशी करावी. अ‍ॅब्लेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली प्रक्रिया बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारावे. खासगी विमा असेल तर पूर्वमंजुरी घ्यावी.

प्रवासात जवळ काय ठेवावे?

एका कागदावर आजाराचे नाव, गोळ्यांची मूळ नावे व मात्रा, शेवटचा आयएनआर, अ‍ॅलर्जी आणि घरच्यांचा क्रमांक लिहून तो पाकिटात ठेवावा. मोबाइलमध्ये दोन कार्डिओग्रामचे फोटो असावेत, एक झटक्यातला आणि एक नेहमीचा, कारण अनोळखी डॉक्टरांना तुलना करायला दोन्ही लागतात. परदेशी मुलाकडे जाणाऱ्यांनी गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्याव्यात, आणि वेळेच्या फरकामुळे पहिल्या दिवशी कोणती गोळी केव्हा घ्यायची हे निघण्याआधीच लिहून घ्यावे.